अडलेले कुलूप आणि आवृत्त्यांचे भांडार

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग मागे पडले की भिलाई लागते. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत त्याचा कारभार नागपूर या राजधानीतूनच चाले. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन येथे पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून कामगार, तंत्रज्ञ आणि अभियंते येथे आले. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. कारखान्याची वसाहत सेक्टरांत विभागली गेली, आणि तिचा बाजारहाट व सार्वजनिक व्यवहार ज्या परिसरात एकवटला तो सिविक सेंटर या नावाने ओळखला जाऊ लागला. दुकाने, नेहरू आर्ट गॅलरी आणि प्रवेश-परीक्षांची तयारी करून घेणारे शिकवणी वर्ग यांमुळे या परिसरात कारखान्यातून निवृत्त झालेली पिढी आणि संगणकाच्या क्षेत्रात पाऊल टाकणारी पिढी एकाच रस्त्यावर दिसते.

या दोन पिढ्यांना ‘कुलूप’ या शब्दाचे दोन निराळे अर्थ ठाऊक आहेत.

पोलाद कारखान्यासारख्या ठिकाणी एखादे यंत्र दुरुस्त करायचे असेल तर आधी त्याचा ‘शटडाऊन’ घ्यावा लागतो. यंत्राचा वीजपुरवठा तोडला जातो आणि तो चुकूनही पुन्हा सुरू होऊ नये म्हणून स्विचला कुलूप घातले जाते. सोबत कामगाराचे नाव, दिनांक आणि कामाचे स्वरूप लिहिलेली चिठ्ठी टांगतात. काम करणारे अनेक असतील तर प्रत्येकाचे कुलूप स्वतंत्र असते. शेवटचे कुलूप निघेपर्यंत यंत्र चालू होत नाही. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की आत कोणीतरी माणूस आहे.

दुसऱ्या पिढीला भेटणारे कुलूप डोळ्यांना दिसत नाही. संगणकावर आज्ञावली लिहिणारा तरुण आपले काम नोंदवू पाहतो आणि पडद्यावर संदेश उमटतो, की भांडाराला कुलूप लागलेले असल्यामुळे हे काम आता होऊ शकत नाही. पुष्कळदा त्याने स्वतः असे कोणतेही कुलूप घातलेले नसते. त्यामुळे तो गोंधळतो, आणि गोंधळलेला मनुष्य हातोडी शोधू लागतो. वस्तुतः या दोन्ही कुलपांचे प्रयोजन एकच आहे, आणि अडलेले कुलूप काढण्याची योग्य रीतही दोन्हीकडे जवळजवळ सारखीच आहे. ती रीत समजावून घेणे हा या प्रकरणाचा हेतू आहे.

भांडार म्हणजे काय?

आज्ञावली ही एकदा लिहून संपणारी गोष्ट नव्हे. तिच्यात रोज बदल होतात, आणि बहुधा एकाहून अधिक माणसे ते करीत असतात. आज केलेला बदल उद्या चुकीचा ठरतो. तेव्हा कालची स्थिती परत मिळवावी लागते. विशिष्ट ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने बदलली हेही पुढे केव्हातरी विचारले जाते. या सर्व गरजांसाठी जी व्यवस्था निर्माण झाली तिला आवृत्ती-नियंत्रण असे म्हणता येईल. तिच्या केंद्रस्थानी आवृत्त्यांचे भांडार असते. भांडारात केवळ अखेरची आवृत्ती नसते. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद, नोंद करणाऱ्याचे नाव, वेळ आणि त्याने लिहिलेला खुलासा यांसह तेथे जतन केलेली असते. ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीप्रमाणे येथेही जुनी नोंद खोडायची नसते. तिच्यापुढे नवी नोंद करायची असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. भांडार बिघडले तर एक फाईल जात नाही. अनेकांच्या अनेक महिन्यांच्या श्रमांचा इतिहास धोक्यात येतो. म्हणूनच भांडारात नोंद होत असताना तिच्यात दुसऱ्या कोणाची ढवळाढवळ होऊ नये, याची काळजी यंत्रणेला घ्यावी लागते.

कुलूप कशासाठी?

एक साधे उदाहरण घेता येईल. एका कचेरीत दोन कारकून आहेत आणि खातेवही एकच आहे. शिल्लक १०० रुपये आहे. पहिला कारकून वहीतील आकडा पाहतो आणि त्यात ५० मिळवण्यासाठी कागदावर बेरीज करू लागतो. त्याच वेळी दुसराही तोच आकडा पाहतो आणि त्यात ३० मिळवतो. पहिला वहीत १५० लिहितो. क्षणभराने दुसरा त्या जागी १३० लिहितो. दोघांचीही बेरीज बिनचूक आहे, परंतु ५० रुपयांची नोंद नाहीशी झाली आहे, आणि ती गेल्याचे दोघांनाही कळलेले नाही. संगणकात हेच संकट सेकंदाच्या हजाराव्या भागात घडू शकते. त्यावरचा उपाय म्हणजे वही हाती घेण्यापूर्वी ‘वही माझ्याकडे आहे’ अशी खूण ठेवणे, आणि ती खूण दिसताच दुसऱ्याने थांबणे.

संगणकात ही खूण बहुधा एका लहानशा फाईलच्या रूपात असते. तिला कुलूप-फाईल म्हणू. भांडारात लिहू इच्छिणारी आज्ञावली संगणकाच्या कार्यप्रणालीला सांगते, ‘या नावाची फाईल नसेल तरच ती निर्माण कर, असेल तर मला नकार दे.’ पाहणे आणि निर्माण करणे या दोन्ही क्रिया कार्यप्रणाली अखंडपणे, मध्ये कोणालाही शिरू न देता पार पाडते. हे महत्त्वाचे आहे. ‘फाईल आहे काय’ हे आधी पाहून मग ती निर्माण केली तर त्या दोन क्षणांच्या फटीतून दुसरा आत शिरेल, आणि दोन कारकुनांची कथा पुन्हा घडेल. काम संपले की आज्ञावली स्वतःच कुलूप-फाईल काढून टाकते. हे सर्व इतक्या लवकर होते, की वापरणाऱ्याला कुलूप लागल्याचे वा निघाल्याचे भानही नसते.

अडचण येते ती आज्ञावली मध्येच मृत झाली तर. वीज जाते, संगणक बंद पडतो, दूरच्या यंत्राशी असलेली जोडणी तुटते, किंवा अधीर झालेला मनुष्य चालू काम जबरदस्तीने थांबवतो. कुलूप घालणारा उरत नाही. कुलूप मात्र उरते. कार्यप्रणालीच्या दृष्टीने ती इतर कोणत्याही फाईलसारखी एक फाईल असते, आणि तिचा धनी हयात आहे की नाही हे त्या फाईलकडे नुसते पाहून कळत नाही.

कुलपाच्या कल्पनेचा प्रवास

आवृत्ती-नियंत्रणाची पहिली नावाजलेली व्यवस्था अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली रचली. ‘एससीसीएस’ हे तिचे संक्षिप्त नाव. तिच्यात फाईल बदलण्यासाठी बाहेर काढली की ती कोणी, केव्हा आणि कोणत्या आवृत्तीपासून घेतली याची नोंद शेजारच्या एका छोट्या फाईलमध्ये होई. भांडारात प्रत्यक्ष लेखन होत असताना आणखी एक क्षणजीवी कुलूप-फाईल निर्माण होत असे, आणि तिच्यात कुलूप घालणाऱ्या आज्ञावलीचा प्रक्रिया-क्रमांक लिहिलेला असे. कुलपावर धन्याचे नाव असले पाहिजे, ही दृष्टी अशा प्रकारे आरंभापासूनच होती.

पुढे पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी ‘आरसीएस’ ही व्यवस्था तयार केली. तिच्याविषयीचा त्यांचा निबंध १९८२ साली प्रसिद्ध झाला. तिच्यातही एका वेळी एकाच माणसाने फाईल बदलावी असा दंडक होता. एक मनुष्य फाईलला कुलूप घालून रजेवर गेला तर इतरांनी काय करावे, या प्रश्नाचे उत्तर या व्यवस्थेने मोठ्या शहाणपणाने दिले. दुसऱ्याचे कुलूप तोडता येई. परंतु तोडणाऱ्याला त्याचे कारण लिहावे लागे, आणि ते कारण मूळ धन्याला टपालाने, म्हणजे संगणकावरील टपालाने, आपोआप पाठविले जाई.

सर्वांनी रांगेत थांबण्याची ही पद्धत लहान गटालाही जाचक ठरू शकते. ॲमस्टरडॅम येथील डिक ग्रून आणि त्यांचे दोन विद्यार्थी १९८० नंतरच्या दशकात एका भाषांतरक आज्ञावलीवर काम करीत होते, आणि तिघांच्या कामाच्या वेळा एकमेकांशी जुळत नव्हत्या. एकाने घातलेल्या कुलपामुळे दुसरा अडून राहू नये म्हणून ग्रून यांनी निराळी रीत योजिली. प्रत्येकाने स्वतःच्या प्रतीवर मोकळेपणाने काम करावे आणि नंतर सर्वांचे बदल एकत्र मिसळावेत. यातून १९८६ साली ‘सीव्हीएस’ पुढे आली. फाईलवर दिवसेंदिवस राहणारे कुलूप तिच्यात अनावश्यक ठरले. तथापि भांडारात प्रत्यक्ष लेखन होत असतानाचे क्षणाचे कुलूप तिलाही टाळता आले नाही. ‘अमुकाच्या कुलपासाठी थांबलो आहे’ असा तिचा संदेश त्या काळातील कित्येक संगणक-कर्मचाऱ्यांच्या परिचयाचा होता.

२००० साली आरंभ झालेली आणि २००४ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध झालेली ‘सबव्हर्जन’, तसेच लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केलेली ‘गिट’ आणि त्याच वर्षीची ‘मर्क्युरियल’ या व्यवस्थांनीही मिसळण्याचीच रीत स्वीकारली. ‘गिट’ आणि ‘मर्क्युरियल’ यांच्यात तर प्रत्येकाच्या संगणकावर बहुधा संपूर्ण भांडाराची प्रत असते. तरीही एकाच संगणकावर एकाच भांडारात दोन आज्ञावल्या एकदम लिहू लागण्याचा संभव उरतोच. म्हणून कुलूपही उरले.

एका शब्दाचे तीन अर्थ

‘भांडार कुलूपबंद आहे’ असे जेव्हा कोणी सांगतो तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो असे नाही. ‘सबव्हर्जन’च्या उदाहरणावरून तीन प्रकार वेगळे करता येतात, आणि निदानाची पहिली पायरी म्हणजे यांपैकी कोणते कुलूप समोर आहे हे ओळखणे.

पहिले कुलूप माणसाने हेतुपुरस्सर घातलेले असते. नकाशा, छायाचित्र किंवा यंत्राचे रेखाचित्र यांसारख्या फाईलींतील दोघांचे बदल एकमेकांत मिसळता येत नाहीत. म्हणून ‘मी हे चित्र बदलत आहे, इतरांनी थांबावे’ असे सांगण्याची सोय २००५ साली ‘सबव्हर्जन’मध्ये आली. या कुलपावर धन्याचे नाव असते आणि बहुधा कारणही लिहिलेले असते. अशा ठिकाणी तंत्राचा प्रश्नच उद्भवत नाही. त्या माणसाला विचारणे हाच उपाय. तो उपलब्ध नसेल तर जबाबदार व्यक्तीच्या संमतीने कुलूप सक्तीने काढता येते.

दुसरे कुलूप वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कामाच्या प्रतीवर असते. मध्येच खंडित झालेल्या कामामुळे ते मागे राहते. ‘सबव्हर्जन’मध्ये यासाठी ‘क्लीनअप’ नावाची आज्ञा आहे. नावावरून ती केवळ झाडलोट करीत असावी असे वाटेल. पण तिचे खरे काम अधिक मोलाचे आहे. अर्धवट राहिलेल्या कामांची यादी ती पाहते, ती कामे पुरी करते आणि मग कुलूप काढते. कुलूप-फाईल हाताने पुसून टाकणारा मनुष्य यातील फक्त शेवटचे काम करतो आणि पहिली दोन सोडून देतो.

तिसरे कुलूप भांडाराच्या अंतर्भागात, विदागाराच्या पातळीवर असते. ‘सबव्हर्जन’ची आरंभीची भांडारे ज्या विदागारावर आधारलेली होती त्यात एखादी आज्ञावली मध्येच बंद पडली की सर्वांचेच काम थबकत असे. मग व्यवस्थापकाला भांडाराशी जोडलेली प्रत्येक आज्ञावली आधी थांबवावी लागे आणि त्यानंतरच ‘रिकव्हर’ ही पुनःस्थापनेची आज्ञा द्यावी लागे. हा क्रम उलटला तर दुरुस्तीच हानीचे कारण होण्याचा धोका असे. २००५ पासून साध्या फाईलींवर आधारलेली नवी मांडणी प्रचारात आली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला.

निदानाचा क्रम

आता एक कल्पित परंतु नेहमी घडणारा प्रसंग घेऊन ही रीत क्रमाने पाहू. समजा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील चार विद्यार्थिनी मिळून एक प्रकल्प करीत आहेत. सकाळी तो महाविद्यालयात सादर करायचा आहे. रात्री त्यांच्यापैकी एकीच्या घरच्या टेबलावरील संगणकावर अखेरची नोंद होत असताना वीज जाते. वीज परत येते, पण ‘गिट’ नोंद करण्यास नकार देते. संदेशाचा आशय असा की ‘इंडेक्स.लॉक’ ही फाईल निर्माण करता येत नाही, कारण ती आधीच अस्तित्वात आहे. या भांडारात दुसरी एखादी ‘गिट’ आज्ञावली चालू असावी. चौघींपैकी कोणीतरी सुचवते, की भांडाराचा तो लपलेला कप्पाच पुसून टाकावा आणि नवे भांडार सुरू करावे. हा सल्ला घातक आहे. समोर दिसणाऱ्या फाईली त्यामुळे शाबूत राहतील. पण मागील सर्व नोंदी, आणि अद्याप इतर कोणत्याही संगणकाकडे न पाठविलेले काम, त्या कप्प्याबरोबर नष्ट होईल.

पहिली पायरी म्हणजे संदेश पूर्ण वाचणे. त्यात कुलूप-फाईलचे नाव आणि ठिकाण दिलेले असते. पुष्कळ माणसे पहिले चार शब्द वाचून उरलेला मजकूर सोडून देतात आणि उपाय शोधण्यासाठी अन्यत्र धावतात. उपाय मात्र त्या उरलेल्या मजकुरातच सांगितलेला असतो.

दुसरी पायरी म्हणजे धनी जिवंत आहे काय हे पाहणे. संगणकावर या क्षणी कोणत्या आज्ञावल्या चालू आहेत याची यादी पाहता येते. विंडोजवर त्यासाठी ‘टास्क मॅनेजर’ असतो आणि युनिक्सच्या घराण्यातील प्रणालींवर ‘पीएस’ ही आज्ञा. दुसऱ्या खिडकीत अर्धवट लिहिलेला नोंदीचा खुलासा तसाच उघडा राहिलेला असू शकतो. आज्ञावली लिहिण्याचे संपादक-साधनही वापरणाऱ्याच्या नकळत पाठीमागे ‘गिट’ चालवीत असते. असा जिवंत धनी आढळला तर कुलूप खरे आहे. त्याचे काम संपू द्यावे किंवा ते रीतसर थांबवावे. कधीकधी दोन मिनिटे वाट पाहणे एवढाच उपाय असतो.

काही व्यवस्था धन्याची ओळख कुलपावरच लिहून ठेवतात. ‘मर्क्युरियल’च्या कुलपात संगणकाचे नाव आणि प्रक्रिया-क्रमांक असतो, आणि त्याच संगणकावरील ती प्रक्रिया मृत असल्याचे आढळले तर ती व्यवस्था असे कुलूप स्वतःच दूर करते. मात्र क्रमांकावर डोळे मिटून विसंबणे बरे नव्हे. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तोच क्रमांक एखाद्या भलत्याच आज्ञावलीला मिळू शकतो.

उदाहरणातील संगणकाच्या बाबतीत एक सोपा पुरावा उपलब्ध आहे. कुलूप-फाईल निर्माण झाल्याची वेळ आणि संगणक पुन्हा सुरू झाल्याची वेळ यांची तुलना करावी. कुलूप आधीचे असेल तर त्याचा धनी आज हयात असणे शक्य नाही, कारण वीज जाताच सर्वच आज्ञावल्या संपल्या. परंतु हा युक्तिवाद भांडार त्याच संगणकाच्या तबकडीवर असेल तरच लागू पडतो. भांडार अनेकांनी मिळून वापरलेल्या तबकडीवर असेल तर धनी दुसऱ्याच यंत्रावर सुखरूप काम करीत असू शकतो. अशा वेळी सर्व सहकाऱ्यांना विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरी पायरी म्हणजे काहीही काढण्यापूर्वी संपूर्ण भांडाराची, त्या लपलेल्या कप्प्यासह, दुसऱ्या जागी नक्कल करून ठेवणे. घाईत ही पायरी सर्वांत आधी विसरली जाते. नक्कल असली तर पुढची चूक सुधारता येते. नसली तर पहिलीच चूक अखेरची ठरू शकते.

चौथी पायरी म्हणजे व्यवस्थेची स्वतःची दुरुस्ती-आज्ञा असेल तर ती वापरणे. ‘सबव्हर्जन’ची ‘क्लीनअप’ वर सांगितलीच आहे. ‘मर्क्युरियल’मध्ये खंडित व्यवहार मागे घेण्यासाठी ‘रिकव्हर’ आहे. ‘गिट’च्या या विशिष्ट कुलपासाठी अशी निराळी आज्ञा नाही, धनी मृत असल्याची खात्री झाल्यावर फाईल हाताने काढावी असे तिचा संदेशच सांगतो. ती एकच फाईल काढावी, जिचे नाव संदेशात आहे ती. शेवटी ‘लॉक’ हा शब्द असलेल्या इतर फाईली आढळल्या म्हणून त्या सरसकट पुसू नयेत.

असे करणे येथे सुरक्षित का ठरते, याचे कारण ‘गिट’च्या रचनेत आहे. ‘इंडेक्स’ ही पुढील नोंदीत काय जाणार आहे याची यादी असते. तिच्यात बदल करताना ‘गिट’ मूळ यादीला हात लावीत नाही. नवी यादी ती कुलूप-फाईलमध्येच लिहिते, आणि लेखन पूर्ण झाल्यावर त्या फाईलचे नाव बदलून तिला मूळ यादीच्या जागी बसवते. नाव बदलण्याची क्रिया अखंड असते. ती एकतर झालेली असते किंवा झालेली नसते. म्हणजे ही एकच फाईल कुलूपही असते आणि कच्चा मसुदाही. वीज गेली तेव्हा मसुदा अपुरा राहिला, परंतु जुनी यादी बहुतेक वेळा जशीच्या तशी टिकली. शिवाय ही यादी म्हणजे इतिहास नव्हे. ती बिघडलीच तरी अखेरच्या नोंदीवरून पुन्हा तयार करता येते.

पाचवी पायरी म्हणजे तपासणी. कुलूप निघाले आणि काम पुन्हा चालू झाले की पुष्कळ जण निश्चिंत होतात. पण वीज जाण्याच्या क्षणी भांडारातील एखादी वस्तू लिहिली जात असेल तर ती रिकामी किंवा अपुरी राहिलेली असू शकते, आणि तिचा दोष काही आठवड्यांनी प्रकट होतो. यासाठी ‘गिट’मध्ये ‘एफएससीके’, ‘मर्क्युरियल’मध्ये ‘व्हेरिफाय’ आणि ‘सबव्हर्जन’च्या भांडारासाठी ‘एसव्हीएनॲडमिन व्हेरिफाय’ या आज्ञा आहेत. त्या सर्व नोंदी पडताळून पाहतात. दोष आढळलाच, तर चौघींपैकी दुसरीच्या संगणकावरील प्रतीतून हरवलेली वस्तू परत मिळण्याची शक्यता असते. जे कधीच कोणाकडे पाठविले गेले नाही ते मात्र कोठूनही परत मिळत नाही. म्हणून आपल्या नोंदी वेळोवेळी दुसऱ्या ठिकाणी पाठवत राहणे हा कुलपाच्या प्रश्नावरचा खरा पूर्वोपाय आहे.

कुलूप नसलेली कुलपे

कधीकधी दार बंद असते, पण ते कुलपामुळे नव्हे. भांडाराच्या कप्प्यात लिहिण्याचा अधिकार वापरणाऱ्याला नसेल तर कुलूप-फाईल निर्माणच होऊ शकत नाही आणि संदेश जवळपास तसाच भासतो. व्यवस्थापकाच्या अधिकाराने एकदा चालविलेली आज्ञा मागे आपल्या मालकीच्या फाईली सोडून जाते, आणि दुसऱ्या दिवशी सामान्य वापरणारा अडतो. तबकडी भरली असेल तरीही हेच घडते. विषाणू-प्रतिबंधक आज्ञावली फाईल तपासण्यासाठी क्षणभर धरून ठेवते. भांडाराचा कप्पा आपोआप दूरच्या साठवणीत पाठविणाऱ्या सेवेच्या देखरेखीखाली ठेवला असेल तर ती सेवाही मध्ये हात घालते. म्हणून भांडार अशा कप्प्यात न ठेवणेच इष्ट. सामायिक संकेतस्थळावर ठेवलेले भांडार त्याच्या मालकाने ‘केवळ वाचनासाठी’ असे जाहीर केले असेल, किंवा मुख्य शाखेवर थेट नोंद करण्यास मनाई असेल, तर तो धोरणाचा भाग आहे. तेथे तोडण्यासारखे काहीच नसते. परवानगी मिळवायची असते.

या सर्व प्रसंगी कुलूप-फाईल पुसण्याचा उपयोग होत नाही. पुसल्यावर क्षणात ती पुन्हा प्रकट होत असेल, किंवा संदेशात ज्या फाईलचे नाव आहे ती मुळात सापडतच नसेल, तर कारण अन्यत्र आहे असे समजावे.

तोडण्याची मर्यादा

कारखान्यातील कुलपाविषयीचे नियम अनेक देशांत लिखित स्वरूपात आहेत. अमेरिकेने १९८९ साली केलेल्या नियमांत, कुलूप घालणारा कामगार उपस्थित नसताना ते काढण्याची वेळ आली तर काय करावे हे क्रमाने सांगितले आहे. तो कारखान्याच्या आवारात नाही याची खात्री करावी; त्याला कुलूप काढल्याचे कळविण्याचा शक्य तो प्रयत्न करावा; आणि तो कामावर परतून पुन्हा काम सुरू करण्यापूर्वी त्याला ही गोष्ट निश्चितपणे सांगावी. यातील शेवटचे कलम विशेष विचार करण्यासारखे आहे. कुलूप काढले त्या क्षणी आत कोणी नव्हते, एवढे पुरेसे नाही. ज्याचे कुलूप होते तो उद्या येऊन ‘माझे कुलूप अजून आहे’ या विश्वासाने यंत्रात हात घालील. ती वेळ येण्याआधी त्याला खरी स्थिती कळली पाहिजे.

टिची यांच्या व्यवस्थेने मूळ धन्याला आपोआप टपाल पाठविण्याची जी योजना केली होती तिच्यामागे हीच दृष्टी आहे. संगणकातील कुलूप तोडल्याने कोणाचा हात सापडत नाही, हे खरे. परंतु ज्याने चित्राला कुलूप घालून आठवडाभर त्यावर काम केले, त्याला ते तोडल्याचे कोणीच कळविले नाही, तर दरम्यान दुसऱ्याने केलेल्या बदलांपुढे त्याचे ते काम वाया जाते, आणि सहकाऱ्यांवरचा विश्वास उणावतो. म्हणून कुलूप कोणी, केव्हा आणि का काढले याची दोन ओळींची नोंद करणे आणि ती संबंधितांना कळविणे हा दुरुस्तीचाच भाग मानला पाहिजे. ते कुलूप यंत्राने घातलेले असले तरीही ही नोंद उपयोगी पडते, कारण तोच प्रकार पुन्हा घडला तर कारणाचा माग तीवरून लागतो. तिसऱ्यांदा त्याच जागी अडलेले कुलूप हे बहुधा एखाद्या खोल दोषाचे लक्षण असते. कदाचित वीज वारंवार जात असेल, तबकडी झिजली असेल किंवा दोन स्वयंचलित कामे एकाच वेळी ठरविली गेली असतील. अशा वेळी कुलूप काढत राहण्यापेक्षा तो दोष शोधणे अधिक फलदायी ठरते.

सारांश, कुलूप हा बिघाड नसून बिघाड टाळण्यासाठी ठेवलेला पहारा आहे. तो अडून बसला असेल तर त्याने पाहिलेले काहीतरी अर्धवट राहिले आहे, असा त्याचा अर्थ होतो. कुलूप कोणाचे, त्याचा धनी हयात आहे काय, आणि त्याने काय अपुरे सोडले आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर ते काढण्यास क्षणही लागत नाही. ती उत्तरे मिळण्यापूर्वी मात्र भिलाईच्या कारखान्यातील स्विचवरचे असो वा विद्यार्थिनीच्या संगणकातील असो, त्याला हात न लावणे हेच श्रेयस्कर होय.